पोटखराब्याचे फोटो

सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. खडक, मुरूम, ओढ्याची घळ, नुसतं गवत वाढणारा उतार, सगळं त्यात जातं. जेजुरीहून मोरगावला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असे माळ दिसतात. दिसतात म्हणजे गाडीच्या काचेतून मागे जातात. अष्टविनायकाला निघालेली गाडी तिथे थांबते ती फक्त पंक्चर झाली तर. मी त्यातल्याच एका माळावर गेली काही वर्षं फोटो काढायला जातो. सुरुवातीला ओळखीचे लोक हमखास विचारायचे, “तिथे आहे काय?” कासचं पठार, भीमाशंकरचे काजवे, भिगवणचे रोहित हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माळाचं तसं नाही. एका फेरीत तो काही दाखवत नाही. म्हणूनच हा लेख एका चांगल्या फोटोबद्दल कमी आणि एकाच जागी वर्षभर परत परत कसं जावं याबद्दल जास्त आहे.

उदाहरणं पुरंदर-बारामतीकडच्या पर्जन्यछायेतल्या माळाची आहेत, कारण मला तोच माहीत आहे. तुमच्याजवळ खारफुटीच्या कडेची खाजण असेल, विदर्भातला बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, बांध असेल, नाहीतर गावाबाहेरचा बंद पडलेला वीटभट्टीचा पट्टा. रीत तीच.

जागा हेरणं

पहिली अट अंतराची. घरातून निघून तासाभरात, फार तर दीड तासात पोहोचता आलं पाहिजे. जागा कितीही सुंदर असली आणि तीन तास लांब असली, तर वर्षातून दोनदा जाणं होईल आणि ऋतू हातातून निसटतील. मी पहिल्या वर्षी हौसेने मयूरेश्वर अभयारण्य धरलं होतं. सुप्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. जागा उत्तम, पण फाटकाच्या वेळा पाळायच्या म्हणजे पहाटेचा पहिला उजेड बाहेरच जायचा. शेवटी वाटेतलं एक गायरान धरलं. आता अभयारण्यात पाहुण्यासारखा जातो.

दुसरी अट एका ठळक वस्तूची. नुसता सपाट माळ नवख्याला झेपत नाही. एकटी बाभूळ, पांढुरक्या खोडाचा हिवर, पडकी विहीर, मेंढरांच्या पाण्याचा हौद, असं काहीतरी असावं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव या भागात गावोगाव आहेत. असा तलाव मिळाला तर सोडू नका. पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे काठाची रेघ दर महिन्याला वेगळी असते, आणि ऋतू दाखवण्याचं निम्मं काम तोच करून टाकतो.

तिसरी गोष्ट, जमीन कुणाची ते विचारून घ्या. गायरान असेल तर गावात चहाच्या टपरीवर सांगितलं तरी चालतं. खाजगी असेल तर मालकाला भेटा. वनखात्याची असेल तर त्यांच्या कार्यालयातून परवानगी घ्या. झाडावर वा दगडावर रंगाने आकडे घातलेले दिसले तर बहुधा हद्द वनखात्याची समजावी. ड्रोन मात्र घरीच ठेवा. नियमांची भानगड आहेच, शिवाय त्या आवाजाने टिटव्या अंड्यांवरून उठतात आणि मेंढरं उधळतात, आणि मेंढरं उधळली की पुढची सहा महिने तुमचं तिथे स्वागत कसं होतं ते बघा.

पहिली खेप भर दुपारी

फोटोसाठी दुपारचा उजेड टाकाऊ असतो, म्हणूनच पहिली खेप दुपारी करा. चांगला उजेड असला की माणूस कॅमेऱ्याला चिकटतो आणि जागा बघायची राहते. दुपारी निवांत चालता येतं. बैलगाडीची चाकोरी कुठून जाते, ओढा कुठे ओलांडता येतो, पहाटे अंधारात गाडी कुठे लावता येईल, हे पाहून ठेवा. पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत. या भागात फुरसं आहे, ते दगडाच्या आडोशाला बसतं. बसण्यासाठी दगड सारखा करायचा झाला तर हात घालू नका, आधी काठीने हलवा.

त्याच खेपेला सूर्याचा हिशेब करा. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो आणि डिसेंबरात आग्नेयेकडे. पुण्याच्या अक्षांशावर या दोन टोकांत जवळजवळ ५० अंशांचा फरक पडतो. हात ताठ धरून मूठ आडवी धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे पाच मुठी. पूर्वेला तोंड करून उभे राहा आणि नेमक्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मुठी मोजा. जूनमध्ये बाभळीच्या डावीकडून वर येणारा सूर्य डिसेंबरात तिच्या पार उजवीकडे गेलेला असतो, हे तिथेच कळतं. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, पण मुठीने मोजलेलं डोक्यात पक्कं बसतं. वेळेचंही बघा. जानेवारीत पुण्याकडे सूर्योदय सातच्या पुढे जातो, मे अखेरीस सहाच्या आतच होतो. सूर्य आपल्याकडे तिरका न रेंगाळता भराभर वर चढतो, त्यामुळे मऊ उजेड मिळतो तो पाऊण तास. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर असाल तरच तो पुरतो.

खुणेचा दगड

आता सगळ्यात कामाची गोष्ट. वर्षभर एकच चौकट, एकाच जागेवरून, दर खेपेला काढायची. बाकीचे फोटो मनासारखे काढा, पण हा एक आधी.

ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्या वर्षी बाभळीचे असे अकरा फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावले तेव्हा कपाळाला हात लावला. एका फोटोत बाभूळ मागच्या टेकडीच्या शेंड्याखाली, दुसऱ्यात शेंड्याच्या बरीच डावीकडे. कुठे मी झूम करून जवळ आणली होती, कुठे चार पावलं पुढे गेलो होतो. झाड तेच, पण ऋतू बदललाय की मी हललोय, हेच कळेना.

यावर उपाय जुनाच आहे. समुद्रावर कोळी जसे जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा ओळखतात, तसंच. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू घ्या. माझ्याकडे जवळ आहे हौदाचा फुटका कोपरा आणि लांब आहे टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर. हौदाच्या कोपऱ्यावर टॉवर बरोबर उभा दिसला की मी रेषेवर आलो. मग दुसऱ्या बाजूची तशीच एक जोडी शोधायची. माझी आहे बाभळीची खालची फांदी आणि विजेचा खांब. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक चपटा दगड पुरून ठेवलाय. पाऊस, मेंढरं आणि पोरं मिळून तो दगड दोनदा हलवून झालेत, पण जोड्या शाबूत असल्यामुळे जागा परत सापडली.

उंचीही तीच हवी. मी कॅमेरा छातीच्या दुसऱ्या बटणाला लावून धरतो. शर्ट बदलला तरी फारसा फरक पडत नाही. लेन्स कोणती, झूम किती, ते वहीत लिहा. मोबाइल असेल तर झूम न करता एकपटीवरच काढा. आणि मागच्या खेपेचा फोटो मोबाइलमध्ये उघडून समोर धरा, चौकटीचे चारही कोपरे ताडून बघा. मधला भाग आपोआप जुळतो, चुका कोपऱ्यांत होतात.

कॅमेऱ्याचं थोडक्यात

मोबाइल पुरतो. फक्त त्यातली एआयने दृश्य सुधारणारी सोय बंद करा. तिला गवत दिसलं की ते हिरवंच असलं पाहिजे असं वाटतं, आणि मार्चमधला भुरा माळ ती आषाढासारखा करून देते. पांढऱ्या रंगाचा तोल आपोआपवर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर संध्याकाळचा पिवळेपणा कॅमेरा दोष समजून काढून टाकतो. रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न बदललेल्या फोटोची, सोय असेल तर वापरा.

स्वतंत्र कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवा. माळावर वारा कायम असतो, तेव्हा गवत स्थिर हवं असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. हलतं दाखवायचं असेल तर तिपाईवर लावून सरळ पाव सेकंदावर जा. मधलं काही केलं की ते हललेलं वाटतं, हालचाल वाटत नाही.

मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या सोयीचं, एक ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याला सगळं मध्यम राखाडी करायची खोड असते. उन्हाळ्यातलं पांढुरकं वाळकं गवत तो मळकट करतो, तिथे उजेड अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जळलेला काळा माळ तो राखाडी करतो, तिथे तेवढंच कमी करा.

नवख्यांची हमखास तक्रार असते की माळाचा फोटो रिकामा येतो. येतोच, कारण उभं राहून वाइड लेन्सने काढला की निम्मं आभाळ, निम्मी जमीन आणि मध्ये एक रेघ. दोन गोष्टी करून बघा. खाली बसा, खरं तर पोटावर झोपा. गुडघाभर गवत मग जंगल होतं. किंवा उलट, लांबची लेन्स लावा, ८५ ते २०० मिमीची. गवताचे पट्टे एकमेकांवर चढतात, बांध जवळ येतात आणि उताराची लय दिसायला लागते. आभाळात काही नसेल तर ते चौकटीतून जवळजवळ काढूनच टाका.

मृगापासून मृगापर्यंत

वर्ष जानेवारीत सुरू करू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, मृगावर सुरू करा.

पहिला चांगला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तेव्हा माळ हिरवा नसतो, तपकिरी आणि ओला असतो, आणि त्यावर मृगाचे किडे निघालेले असतात. मखमलीसारखे लालभडक, नखाएवढे. ओल्या मुरमावर असा एक लाल ठिपका आणि मागे काळं आभाळ, याहून जास्त काही लागत नाही. चार-पाच दिवसांत ते दिसेनासे होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार कोसळत असतं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, इकडे बारामतीच्या बाजूला पाचशेच्या आसपास. म्हणजे ढग येतात आणि न पडता पुढे जातात. शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो, फोटोवाल्याला मात्र हा काळ सोन्यासारखा असतो. हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतं, पण खरं आहे. पळत्या ढगांच्या फटीतून उन्हाचा तुकडा माळावरून धावत जातो. त्याच्या मागे लागू नका. चौकट धरून उभे राहा आणि तुकडा बाभळीवर येईपर्यंत थांबा. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. या दिवसांत बाभळीला पिवळे गोंडे असतात, तेही बघा. आणि कॅमेरा गाडीच्या एसीतून थेट बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं. वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. घरी लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. माझ्या एका लेन्सला बुरशीने खाल्लंय, त्यामुळे हे जरा ठासून सांगतोय.

भाद्रपद उतरणीला लागल्यापासून दिवाळीपर्यंत माळाचे खरे दिवस. मला हे ठाऊक नव्हतं. श्रावणातच एकदा गवतात पालथा पडलो होतो, तेव्हा मेंढरं घेऊन आलेले एक मामा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले.

“पाव्हणं, हितं काय घावतंय तुमास्नी?”

“गवताचा फोटो काढतोय, मामा.”

“मग आत्ता कशाला? दसऱ्याला या. आख्खा माळ तांबूस हुतोय.”

दसऱ्याला गेलो. कुसळी पिकली होती. सकाळी साडेसहाला सूर्य समोर ठेवला आणि उतारावरचं एकूण एक कुसळ पेटल्यासारखं दिसायला लागलं. कुसळीचं गवत पाठीमागच्या उजेडात बघायचं असतं, समोरच्या उजेडात ते नुसतं वाळकं दिसतं. सूर्य चौकटीच्या किंचित बाहेर ठेवा आणि लेन्सवर टोपीची सावली धरा, म्हणजे फोटो पांढुरका पडत नाही. जवळून काढायचं तर एकच कुसळ घ्या. वाळलं की त्याला पीळ बसतो, दव पडलं की तो सुटतो, आणि या फिरण्यामुळेच खालचं टोकदार बी मातीत घुसत जातं. दवाच्या सकाळी आठ वाजता आणि त्याच कुसळाचा अकरा वाजता, असे दोन फोटो घ्या. मोज्यांत घुसलेली कुसळं मात्र घरी आल्यावर चिमट्याने एकेक काढावी लागतात. धुवायच्या यंत्रात टाकलीत तर घरादाराच्या कपड्यांना जातात. बांधाकडेला याच वेळी कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तरवडाची पिवळी फुलं असतात.

हिवाळा सोपा आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. हवा स्वच्छ, ऊन दिवसभर तिरकं, तलावाच्या अंगाला पहाटे धुकं आणि कडेला शाळूची शेतं. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी माळावर फूट-दोन फूट उंचीवरून तरंगत जातात. कुणालाही चांगले फोटो मिळतात, आणि म्हणूनच ते एकमेकांसारखे असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या खेपेला माळ काळा झालेला दिसेल. नवं गवत जोमाने येतं या समजुतीने कुणीतरी काडी लावलेली असते. वनखातं आपल्या हद्दीत जाळरेषा काढून आग अडवतं, गायरानावर कोण अडवणार? हाही फोटो काढायचाच. खुणेच्या दगडावरून तीच चौकट. काळ्या जमिनीवर एरवी गवतात लपलेल्या मेंढरांच्या वाटा पांढऱ्या रेघांसारख्या उमटतात. ही वाटांची नक्षी फक्त तेव्हाच दिसते.

एप्रिल-मे मध्ये बहुतेक जण कॅमेरा ठेवून देतात. नऊनंतर झळा सुरू होतात आणि लांबच्या लेन्सने काढलेलं काहीही पाण्यात बुडाल्यासारखं येतं. लेन्स भारीतली असो वा साधी, त्याला इलाज नाही. त्यामुळे सकाळी आठच्या आत आटपा, नाहीतर झळांनाच विषय करा. क्षितिजावर तरंगणारा हिवर मी मुद्दाम दुपारी काढलाय. तलावाच्या तळाला पडलेल्या भेगा सगळेच काढतात. मला त्यापेक्षा काठावर एकाखाली एक सुकत गेलेल्या पाण्याच्या रेघा आवडतात, कारण त्यात महिने मोजता येतात. आणखी लांब जायची तयारी असेल तर उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. पण तिथे आता गर्दी असते.

माळ कुणाचा तरी असतो

तुम्हाला निर्मनुष्य वाटणारी जागा कुणाच्या तरी रोजच्या वाटेवर असते. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत आलेले असतात. वाड्याच्या जवळ गेलात तर लांबूनच हाक द्या, कुत्री सुटी असतात. न विचारता माणसांचे, विशेषतः बायांचे फोटो काढू नका. विचारून काढलात तर पुढच्या खेपेला छापून नेऊन द्या. मी त्या मामांना कुसळीचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, “ह्यात मेंढरं कुठं हायत?” आता मेंढरांचाही देतो.

मार्चनंतर चालताना नजर खाली ठेवा. माळटिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, आणि ती खड्यांत खडा असल्यासारखी असतात. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागला तर आल्या पावली मागे फिरा. घरट्याचा, लांडग्याच्या बिळाचा फोटो असेल तर तो टाकताना ठिकाणाची नोंद काढून टाका.

घरी आल्यावर

त्याच रात्री फाइलला तारीख आणि जागा द्या. वहीत दोन ओळी लिहा: वारा कुठून होता, पाणी कुठवर होतं, कोण भेटलं. रंग वाढवायची घाई नको. माळाचे रंग मुळात फिके असतात, गेरू, राख, वाळकं पिवळं, आणि ते भडक केले की माळ जातो.

वर्ष संपलं की खुणेच्या दगडावरचे बारा फोटो निवडून पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्या आणि जमिनीवर मांडा. पडद्यावर हे जमत नाही, बारा एकदम दिसायला हवेत. घरातल्या कुणाला तरी क्रम न सांगता लावायला सांगा. जिथे ते चुकतील तो महिना तुम्ही नीट काढलेला नाही.

माझं यंदा पाचवं वर्ष आहे. गेल्या उन्हाळ्यात गायरानाला लागून असलेल्या खाजगी तुकड्याला तारेचं कुंपण पडलं आणि एन.ए. (बिगरशेती) प्लॉटचा फलक लागला. माझा दगड नेमका कुंपणाच्या आत गेला. आता मी तारेबाहेर, सहा पावलं डावीकडून काढतो. हौद आणि टॉवर जुळत नाहीत, म्हणून नवी जोडी धरली आहे: बाभूळ आणि फलकाचा डावा खांब. वहीत तसं लिहून ठेवलंय, तारखेसकट.